पडद्यावरचा बारीकसा ‘आर’: कोनीय गतीच्या गणितांसाठी कॅसिओ एफएक्स-९९१ ईएस प्लस कसा आहे?

या कॅल्क्युलेटरचं कौतुक बहुधा त्याच्या ४१७ फंक्शन्सपासून सुरू होतं. त्यातली चारशे कुणी आयुष्यात वापरत नाही, म्हणून ती यादी बाजूला ठेवू. इथे कसोटी एकच आहे. वर्तुळाकार गती, घूर्णन, सरल आवर्त गती या प्रकरणांची गणितं सोडवताना हे यंत्र कुठे साथ देतं आणि कुठे गुपचूप चुकीचं उत्तर हातात ठेवतं?

निकाल आधीच सांगून टाकतो. यंत्र चांगलं आहे, घ्यायला हरकत नाही. पण ते अंश गृहीत धरून सुरू होतं आणि भौतिकशास्त्राची सूत्रं रेडियन गृहीत धरून लिहिलेली असतात. मोड बदलला की काम झालं असं बहुतेकांना वाटतं, तेही अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्या भागात यंत्र तुम्हाला अजिबात वाचवत नाही. कटकट खरी तिथेच आहे.

आधी मोड. शिफ्ट दाबून मोडचं बटण दाबलं की सेटअपची यादी येते. तिच्यात ३ म्हणजे डिग्री, ४ म्हणजे रेडियन, ५ म्हणजे ग्रेडियन. ४ दाबलं की पडद्याच्या वरच्या ओळीत ‘डी’च्या जागी ‘आर’ दिसतं. हे अक्षर इतकं बारीक आहे की घाईत नजर त्यावर जातच नाही, आणि या मॉडेलबद्दलची माझी पहिली तक्रार हीच आहे. यंत्र बंद करून चालू केलं तरी निवडलेला मोड तसाच राहतो. कॉम्प्लेक्स किंवा टेबलमध्ये गेलात तरीही तो बदलत नाही. मात्र शिफ्ट, ९, मग ३ असं करून कुणी सगळं रिसेट केलं, तर यंत्र निमूटपणे अंशांवर परत जातं. उसना घेतलेला किंवा नुकताच रिसेट झालेला कॅल्क्युलेटर हातात आला की वरच्या अक्षरावर भिस्त ठेवण्यापेक्षा साइन ३० करून बघा. ०.५ आलं तर अंश. उणे ०.९८८ आलं तर रेडियन. ०.४५४ आलं तर कुणाचं तरी बोट ४ ऐवजी ५ वर पडलंय आणि यंत्र ग्रेडियनमध्ये आहे.

तिसरी शक्यता सगळ्यात घातक. रेडियनमधली चूक लगेच डोळ्यांत खुपते, कारण ३० अंशांचा साइन ऋण येणं शक्यच नाही. ०.४५४ मात्र दिसायला अगदी साळसूद. काटकोनाचे शंभर भाग आणि पूर्ण फेरीचे चारशे, हे माप फ्रान्समध्ये क्रांतीच्या काळात दशमान पद्धतीबरोबर पुढे आलं. जमीन मोजणाऱ्यांना ते उपयोगी पडतं. कोनीय गतीच्या गणितात त्याचं काहीच काम नाही. तरीही रेडियनच्या लगेच पुढच्या आकड्यावर ते बसवलेलं आहे.

आता मुळात रेडियनच का? एक चाक घ्या, त्रिज्या ०.२५ मीटर. त्याच्या कडेवर दोरी गुंडाळा आणि बरोबर ०.२५ मीटर दोरी ओढा. चाक जेवढं फिरलं तो कोन म्हणजे १ रेडियन. ०.५ मीटर ओढलीत तर २ रेडियन. कोन म्हणजे दोरीची लांबी भागिले त्रिज्या. लांबीला लांबीने भागल्यामुळे मीटरला मीटर कटतो आणि नुसती संख्या उरते. म्हणूनच कंसाची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले कोन, वेग म्हणजे त्रिज्या गुणिले कोनीय वेग, इतकी साधी सूत्रं मिळतात. पूर्ण फेरीत दोरी निघते परिघाइतकी, म्हणून पूर्ण फेरी म्हणजे २ पाय (π, म्हणजे ३.१४१५९...) रेडियन, आणि १ रेडियन म्हणजे ५७.२९५७७९५१ अंश. हा आकडा ओबडधोबड दिसतो. पण त्यात दोष ३६०चा आहे. फेरीचे ३६० भाग ही बॅबिलोनियन साठमान पद्धतीकडून आलेली सोय. भाग पाडायला फार सोयीची, पण दोरी आणि चाक यांच्याशी तिचा काही संबंध नाही.

हीच सूत्रं अंशांत लिहायची ठरवली तर लिहिता येतात, भौतिकशास्त्र काही कोसळत नाही. फक्त प्रत्येक ठिकाणी पाय भागिले १८० म्हणजे ०.०१७४५३ हा गुणक लटकत राहतो. वेगाच्या सूत्रात तो एकदा येतो. अभिकेंद्री त्वरणात कोनीय वेगाचा वर्ग असल्यामुळे दोनदा, म्हणजे ०.०००३०४६. घूर्णनाच्या गतिज ऊर्जेतही दोनदा. रेडियन वापरला की हा गुणक १ होतो आणि सूत्रातून नाहीसा होतो. माप म्हणून रेडियन बराच जुना असला तरी हा शब्द छापलेला दिसतो तो १८७३मध्ये, बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात जेम्स थॉमसन यांनी काढलेल्या प्रश्नपत्रिकेत. हे लॉर्ड केल्व्हिन यांचे थोरले बंधू. एसआय पद्धतीत १९६०मध्ये रेडियनला ‘पूरक एकक’ असा वेगळा कप्पा मिळाला. १९९५मध्ये तो कप्पाच रद्द झाला आणि रेडियन साधित एककांत जाऊन बसला, मीटर भागिले मीटर, म्हणजे १.

शेवटच्या वाक्यातच यंत्राच्या मर्यादेचं मूळ आहे. एकक १ असल्यामुळे ते उत्तरात दिसतही नाही आणि गाळलं तर कुणी टोकतही नाही.

ईएस प्लसमधला ‘आर’ नेमकं काय काय बदलतो? साइन, कोसाइन, टॅन आणि त्यांची उलटी फंक्शन्स. पोल आणि रेक ही ध्रुवीय रूपांतरं. कॉम्प्लेक्स मोडमधलं कोनाचं चिन्ह. जवळजवळ एवढंच. गुणाकार, वर्ग, वर्गमूळ यांना मोडचा गंधही नसतो. म्हणजे तुम्ही ‘आर’ लावून निर्धास्त बसलात आणि कंसाची लांबी काढायला ०.३५ गुणिले ३० केलंत, तर यंत्र १०.५ देतं. खरं उत्तर ०.१८३३ मीटर. पडद्यावर ‘आर’ आहे, मोड बरोबर आहे आणि उत्तर ५७ पट चुकलेलं आहे. या मशीनवरच्या गोंधळांपैकी निम्मे तरी या जातीचे असतात, आणि त्यांचा दोष मोडवर जातो.

याचा सगळ्यात झणझणीत नमुना लंबकात सापडतो. १ मीटर लांबीचा लंबक, गुरुत्व त्वरण ९.८. लहान झोक्यासाठी आवर्तकाल २.००७ सेकंद. झोका २० अंशांचा असेल तर दुरुस्ती लागते: १ अधिक, कोनाचा वर्ग भागिले १६. २० अंश म्हणजे ०.३४९१ रेडियन. त्याचा वर्ग ०.१२१८, भागिले १६ म्हणजे ०.००७६. आवर्तकाल २.०२२ सेकंद, वाढ पाऊण टक्का. आता त्याच जागी सरळ २० भरा. ४०० भागिले १६ म्हणजे २५, अधिक १ म्हणजे २६, आणि लंबकाचा आवर्तकाल ५२ सेकंद! या सूत्रात साइन नाही, कोसाइन नाही. त्यामुळे डिग्री, रेडियन, ग्रेडियन, कुठल्याही मोडमध्ये ५२ सेकंदच येणार.

यावर कॅसिओने एक चांगली सोय दिली आहे आणि तीच या यंत्राची सर्वांत कमी वापरली जाणारी गोष्ट असावी. शिफ्ट दाबून आन्सचं बटण दाबा. तीन पर्याय येतात: १ म्हणजे अंश, २ म्हणजे रेडियन, ३ म्हणजे ग्रेडियन. आकडा टाकून त्याला ही शेपटी लावली की यंत्र तो आकडा त्या एककात आहे असं समजतं आणि चालू मोडच्या एककात बदलून घेतं. म्हणजे ‘आर’ लावून ०.३५ गुणिले ३०, शिफ्ट, आन्स, १ असं टाकलं की उत्तर थेट ०.१८३३. लंबकाच्या दुरुस्तीतही २० पुढे हीच शेपटी लावायची. अट एकच: मोड रेडियन हवा. डिग्री मोडमध्ये ३०ला अंशाची शेपटी लावली तर ३०चे ३०च राहतात आणि पुन्हा १०.५ समोर.

या सोयीला दोन खड्डे आहेत. पहिला, शेपटी फक्त लगतच्या आकड्याला चिकटते. डिग्री मोडमध्ये पाय भागिले २ रेडियनचे अंश करायचे असतील तर पाय भागिले २ हे कंसात घालून मग शेपटी लावा, ९० येईल. कंस विसरलात तर यंत्र २ रेडियनचे ११४.५९ अंश करतं, पायला त्याने भागतं आणि ०.०२७४ दाखवतं. दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. कीपॅडवर अंश-मिनिट-सेकंदाचं स्वतंत्र बटण आहे आणि त्यानेही आकड्यापुढे अंशाचंच चिन्ह उमटतं. पण ते बटण एकक सांगत नाही, ते फक्त साठमान लिखाण आहे. रेडियन मोडमध्ये त्या बटणाने ३० अंश ० मिनिटं ० सेकंद लिहून साइन काढला तर उत्तर उणे ०.९८८ येतं, कारण यंत्राच्या लेखी ती नुसती ३० ही संख्या आहे. दोन बटणं, दिसायला सारखंच चिन्ह, अर्थ पूर्ण वेगळा. मांडणीतला हा दोष मला माफ करण्यासारखा वाटत नाही.

सरल आवर्त गतीत मात्र मोडच सर्वेसर्वा. आयाम ५ सेंटिमीटर, आवर्तकाल २ सेकंद घ्या. कोनीय वारंवारता पाय रेडियन प्रति सेकंद. अर्ध्या सेकंदाला स्थान ५ कोसाइन पाय भागिले २, म्हणजे शून्य. डिग्री मोडमध्ये तेच टाकलं तर यंत्र १.५७ अंशांचा कोसाइन घेतं आणि ४.९९८ देतं. उत्तर ५च्या आसपास, म्हणजे संशय यावा असं काही नाही. एकच बिंदू काढला तर चूक कळणारसुद्धा नाही. म्हणून टेबल वापरा. मोड ७ दाबा, फंक्शनमध्ये ५ कोसाइन पाय एक्स लिहा, सुरुवात ०, शेवट २, पायरी ०.२५. नऊ ओळी येतात. रेडियनमध्ये ५, ३.५३६, ०, उणे ३.५३६, उणे ५ आणि मग परत चढण, असा पूर्ण झोका दिसतो. डिग्रीत सगळा रकाना ५ पासून ४.९७ पर्यंत रेंगाळतो. झोका घेणारी वस्तू दोन सेकंदांत जागची हलतच नाही असं दिसलं, की मोड तपासा.

कला (फेज, म्हणजे झोका चक्रात कुठे आहे ते सांगणारा कोन) अंशांत आणि कोनीय वारंवारता रेडियनमध्ये दिलेली असली की माणसं हमखास घसरतात. ‘प्रारंभिक कला ३० अंश’ असं गणितात असतं आणि कोसाइनच्या कंसात पाय गुणिले ०.५ अधिक ३० असं बिनदिक्कत भरलं जातं. इथे कुठलाच मोड उपयोगाचा नाही, कारण एका बेरजेत दोन एककं आहेत. रेडियन मोड ठेवून ३०ला अंशाची शेपटी लावा. ५ सेंटिमीटर आयामासाठी उत्तर उणे २.५ यायला हवं.

कॅल्क्युलस हा रेडियनच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा, आणि ईएस प्लसवर तो स्वतः करून बघता येतो. शिफ्ट दाबून इंटिग्रलचं बटण दाबलं की डेरिव्हेटिव्हचा साचा येतो. त्यात साइन एक्स, एक्स बरोबर शून्य. रेडियनमध्ये उत्तर १, डिग्रीत ०.०१७४५३२९२५. हाच तो पाय भागिले १८०. लहान कोनासाठी कंस आणि त्याखालची अर्धी जीवा जवळजवळ एकच होतात, म्हणून शून्यापाशी साइनच्या आलेखाचा चढ १ असतो. पण हे खरं ठरतं ते कोन कंसाच्या लांबीने मोजला तरच. अंशांत मोजला की आडवा अक्ष ५७ पट ताणला जातो आणि चढ तेवढाच पडतो. आता वर्तुळाकार गतीत स्थानापासून वेग आणि वेगापासून त्वरण काढताना दोनदा डेरिव्हेटिव्ह घ्यावा लागतो. दर वेळी हा गुणक चिकटतो.

वरच्याच उदाहरणाचा ०.५ सेकंदाचा वेग साच्यात घालून काढा. ५ कोसाइन पाय एक्स, एक्स बरोबर ०.५. रेडियनमध्ये उणे १५.७०८ सेंटिमीटर प्रति सेकंद. डिग्रीत उणे ०.००७५. दोन हजार पटींची तफावत. इंटिग्रेशनचंही तेच: साइन एक्सचं शून्य ते पाय इंटिग्रल २ यायला हवं, डिग्रीत ०.०८६१ येतं. कंपनीच्या सूचनापुस्तिकेतही डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रलमध्ये त्रिकोणमितीय फंक्शन असेल तर रेडियन वापरा असं स्पष्ट सांगितलेलं आहे. यंत्र मात्र स्वतःहून इशारा देत नाही. साच्यात साइन दिसताच ‘डी’ चमकवायला फार काही लागलं नसतं.

साइन थीटा जवळजवळ थीटा, हे लंबकाच्या प्रकरणातलं लाडकं समीकरणही रेडियनशिवाय निरर्थक. ५ अंशांना साइन ०.०८७१६ आणि कोन ०.०८७२७, फरक ०.१३ टक्के. १० अंशांना अर्धा टक्का. १५ अंशांना १.१५ टक्के. २० अंशांना २ टक्क्यांच्या वर. ‘लहान कोन’ म्हणजे किती लहान, याचं उत्तर तुम्हाला किती टक्के चूक परवडते त्यात आहे. डिग्री मोडमध्ये साइन ५ काढून ०.०८७२ बघा आणि ते ५शी जुळवायचा प्रयत्न करा. काहीच जुळत नाही.

फेरे प्रति मिनिटाचं काय? इथे यंत्राने निराशा केली आहे. शिफ्ट ८ दाबल्यावर ४० रूपांतरांची यादी आहे. इंचाचे सेंटिमीटर, एकराचे चौरस मीटर, अश्वशक्तीचे किलोवॅट, किलोमीटर प्रति तासाचे मीटर प्रति सेकंद. आरपीएमचे रेडियन प्रति सेकंद नाहीत. पार्सेकचे किलोमीटर द्यायला जागा आहे, पण मोटारीच्या पाटीवर छापलेल्या आकड्याला नाही! उपाय सोपा आहे. कंसात २ पाय भागिले ६० करा, मग शिफ्ट, आरसीएल आणि ऋण चिन्हाचं बटण दाबून ते ‘ए’मध्ये साठवा. ०.१०४७१९७५५१ हा आकडा तिथे राहतो. पुढे १५०० गुणिले ए केलं की १५७.०८ रेडियन प्रति सेकंद. उलट जायचं तर ए ने भागा. ‘मेमरी’ रिसेट केली की हाही पुसला जातो, तेवढं ध्यानात ठेवा.

याचं महत्त्व शक्तीच्या गणितात कळतं. २० न्यूटन-मीटर टॉर्क, १५०० आरपीएम. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग, ३१४१.६ वॅट. १५०० सरळ गुणलात तर ३०,०००. अंश प्रति सेकंद घेतलेत, म्हणजे ९०००, तर १,८०,०००. ज्यूल आणि न्यूटन-मीटर ही दोन्ही एककं वरवर सारखी दिसण्यामागचं गुपितही हेच आहे: टॉर्क हा खरं तर दर रेडियनमागे होणारं कार्य आहे, आणि रेडियन १ असल्यामुळे लिहायचा राहून जातो. ऊर्जेत चूक वर्गाने फुगते. जडत्व आघूर्ण ०.५ किलोग्रॅम मीटर वर्ग असलेलं चाक १५०० आरपीएमने फिरत असेल तर ऊर्जा ६१६८.५ ज्यूल. आरपीएम तसेच भरले तर ५,६२,५००, म्हणजे ९१ पट जास्त. उत्तर बरोबरपेक्षा साडेनऊ पट किंवा ९१ पट आलं तर कुणीतरी आरपीएम तसेच भरले आहेत, ५७ पट आलं तर अंश. मागे जाऊन शोधायला हे आकडे पाठ असलेले बरे.

एक गोष्ट मात्र उलटही सांगितली पाहिजे, नाहीतर रेडियनचा अंधभक्त तयार होतो. नुसत्या कोनीय शुद्धगतिकीत, म्हणजे कोनीय वेग, कोनीय त्वरण आणि वेळ एवढीच सूत्रं असतील तेव्हा, रेडियनची काहीच सक्ती नाही. पंखा ३०० आरपीएमवरून २० सेकंदांत एकसमान मंदावत थांबतो. किती फेरे झाले? सरासरी १५० आरपीएम, वेळ एक तृतीयांश मिनिट, ५० फेरे. विषय संपला. आधी रेडियन करून शेवटी २ पायने भागणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. सूत्राच्या एका बाजूला कोन आणि दुसऱ्या बाजूला लांबी, ऊर्जा, टॉर्क किंवा साइनचा डेरिव्हेटिव्ह आला की रेडियन आणा, एरवी पाहिजे ते एकक चालतं.

पायच्या बाबतीत हे यंत्र छान आहे. शिफ्ट दाबून गुणिले दहाच्या घाताचं बटण दाबलं की पाय मिळतो, आणि मॅथ मोडमध्ये उत्तरही पायच्या अपूर्णांकात येतं. रेडियन मोडमध्ये ०.५चा उलटा साइन काढा, पडद्यावर एक षष्ठांश पाय दिसतं. एस-डीचं बटण दाबलं की तेच ०.५२३५९८७७५६. रेडियनची सवय लावायला यासारखं दुसरं काही नाही. तरीही ३.१४ टाइप करणारे भेटतात. वारंवारता ५० हर्ट्झ असेल तर कोनीय वारंवारता १०० पाय. तिथे ३१४ भरलं तर एका सेकंदात कला ०.१५९ रेडियनने, म्हणजे सुमारे ९ अंशांनी सरकते. दहा सेकंदांत ९१ अंश, म्हणजे साइनच्या जागी जवळजवळ कोसाइन. कोनीय वेगात हजारात अर्धा भाग चूक किरकोळ वाटते, पण ती वेळेने गुणली जाते.

साइनच्या आत किती मोठा कोन चालतो याचीही सीमा पुस्तिकेत आहे: अंशांत ९००,००,००,००० पेक्षा लहान, रेडियनमध्ये १५,७०,७९,६३२.७ पेक्षा लहान, ग्रेडियनमध्ये १०००,००,००,००० पेक्षा लहान. आकडे वेगवेगळे दिसतात, पण ३६०, २ पाय आणि ४०० ने भागून बघा. तिन्ही ठिकाणी बरोबर अडीच कोटी फेरे. त्यापुढे मॅथ एरर. ५० हर्ट्झला ही सीमा ५ लाख सेकंदांनी, म्हणजे पावणेसहा दिवसांनी येते. गृहपाठात कुणी तिथवर जात नाही.

भागाकाराचा एक बारकावा. वारंवारता काढताना २० भागिले २ पाय असं सलग, गुणाकाराचं चिन्ह न घालता लिहिलं तर ईएस प्लस २ पाय एकत्र धरतो आणि ३.१८३ देतो. मध्ये गुणिले चिन्ह घातलं की तो २० भागिले २ करून मग पायने गुणतो आणि ३१.४१६ देतो. दोन्ही यंत्राच्या नियमाप्रमाणे बरोबर, तुमच्या मनातलं एकच. इतर यंत्रांवर हा नियम वेगळा असू शकतो, म्हणून २ पाय कंसात घालायची सवय लावा.

दोन आवर्त गतींची बेरीज करायला पोल हे फंक्शन झकास आहे. एकाच वारंवारतेच्या, ९० अंश कलांतराच्या ३ आणि ४ आयामांच्या गती: शिफ्ट आणि अधिकचं बटण, मग ३, स्वल्पविराम, ४. आयाम ५ मिळतो, कोन रेडियन मोडमध्ये ०.९२७३. हा कोन थेट कोसाइनच्या कंसात टाकता येतो. आयाम एक्समध्ये आणि कोन वायमध्ये आपोआप साठवला जातो, त्यामुळे परत टाइप करायची गरज नाही. पण एक्समध्ये आधी काही जपून ठेवलं असेल तर ते गेलं. आणि कोन डिग्री मोडमध्ये काढून, म्हणजे ५३.१३, मग मोड बदललात तर वायमधला आकडा तसाच राहतो, आपोआप रेडियन होत नाही. यंत्र आकडे साठवतं, एककं नाही.

नव्या मॉडेलकडे वळायचं का? एफएक्स-९९१ ईएक्समध्ये पडदा जास्त स्पष्ट आहे आणि सेटअपमध्ये ‘अँगल युनिट’ असं नाव लिहिलेली ओळ येते, आत डिग्री, रेडियन, ग्रेडियन अशी पूर्ण नावं. शेपटी लावायचे पर्याय ऑप्शनच्या बटणाखाली गेले आहेत. नाव वाचून निवडायचं असल्यामुळे ४ ऐवजी ५ दाबण्याची भानगड कमी होते. मात्र ईएस प्लसवर मोड बदलायला तीनदा बोट पडतं, ईएक्सवर चारदा. दिवसातून वीस वेळा मोड बदलणाऱ्याला हा फरक जाणवतो. माझं मत विचाराल तर वीस वेळा बदलूच नये. या प्रकरणांपुरता रेडियन कायम ठेवावा आणि अंशांत दिलेल्या प्रत्येक कोनाला शेपटी लावावी.

फोनवरची कॅल्क्युलेटर ॲप्स पर्याय म्हणून वापरणाऱ्यांनी एक बघून घ्यावं. काही ॲप्समध्ये बटणावर ‘रॅड’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ‘आत्ता रेडियन आहे’ असा नसून ‘दाबलं तर रेडियन होईल’ असा असतो. पुन्हा साइन ३०चीच चाचणी. स्प्रेडशीट आणि पायथन, सी यांसारख्या भाषांत मोडच नसतो. तिथे साइन फक्त रेडियन ओळखतो, ३० दिलं की उणे ०.९८८ येणारच. स्प्रेडशीटमध्ये त्यासाठी रेडियन्स नावाचं फंक्शन आहे, ३० त्यात गुंडाळून मग साइनला द्यायचं. ईएस प्लस रेडियनवर ठेवून शेपटीची सवय लागली असेल, तर तिथे गेल्यावर नवीन काही शिकावं लागत नाही.